पाठीतला गंज

बाळकुमच्या नव्या टॉवरांच्या मधोमध एक क्लबहाउस आहे. तिथे दर मंगळवारी संध्याकाळी चमत्कार व्हायचा. आधी सगळ्यांना कोरा चहा मिळायचा आणि मग चमत्कार.

मी पहिल्यांदा गेले त्या मंगळवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे कमरेला पट्टे बांधलेले, गळ्यात कॉलर घातलेले, कुबड्या मांडीवर आडव्या घेतलेले कामगार. मागे त्यांच्या बायका. भिंतीला टेकून सोसायटीतली हौशी मंडळी, कारण टीव्हीपेक्षा हे बरं होतं. आणि मधोमध एका स्टुलावर, शर्ट काढून, माझे पप्पा बसले होते.

माझे पप्पा म्हणजे मार्सेल मिस्किटा. कोलशेतच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली त्यांनी उभा जन्म लोखंडी पत्र्याची भेंडोळी चढवली-उतरवली. एके दिवशी क्रेनची साखळी सुटली आणि एक भेंडोळं त्यांच्या कमरेवर आलं. डॉक्टरांनी मणक्यात पट्टी आणि स्क्रू बसवून त्यांना उभं केलं. जीव वाचला, काखेत कुबडी आली आणि दुखणं कायमचं मुक्कामाला राहिलं. घरी खुर्चीतून उठताना ज्यांचं कण्हणं शेजारच्या घरात ऐकू जातं, ते पप्पा इथे परक्या माणसांसमोर ताठ बसले होते.

हे चमत्कार करणाऱ्या विश्रामसरांनी त्यांच्या पाठीला कसलासा फिकट पिवळा काढा चोळला. मग स्टीलच्या वाडग्यातल्या पाण्यात पांढराशुभ्र नॅपकिन बुडवला, पिळला आणि मानेपासून कमरेपर्यंत सावकाश ओढत आणला. नॅपकिन वर उचलला तेव्हा तो काळाकुट्ट झाला होता.

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवायला लागले.

"हे काय आहे?" विश्रामसरांनी नॅपकिन चारी बाजूंना फिरवून दाखवला. "लोखंड. यांनी जन्मभर लोखंड उचललं. ते श्वासातून गेलं, कातडीतून गेलं. वर डॉक्टरांनी मणक्यात स्क्रू ठोकले. आत ओल, बाहेर घाम. मग गंजणार नाही तर काय होणार? आणि गंज म्हणजेच वेदना. मी काही करत नाही हो. मी फक्त लोहाचा मार्ग मोकळा करतो."

"पण सर, गंज तांबडा असतो ना?" पहिल्या रांगेतल्या एका वेल्डरने विचारलं.

"बाहेरचा तांबडा. शरीराच्या आत ऑक्सिजन कमी, म्हणून तो काळा. लो ऑक्सिजन आयर्न. परदेशात यावर पेपर निघालेत."

वेल्डरने मान डोलावली. लोखंड गंजतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाने आयुष्यभर गंज खरवडला होता, आणि नेमकं तेच त्यांच्या गळी उतरवलं जात होतं. भूत, करणी, बाधा असलं काही सांगितलं असतं तर यातले निम्मे लोक हसून उठून गेले असते. गंजाला कोण हसणार?

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात फसवणूक वगैरे काही आलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की एका परक्या माणसाचा हात माझ्या बापाच्या पाठीवर आहे आणि माझा बाप हसतोय. अपघातानंतर ते हसू मी पाहिलं नव्हतं. मी जळत होते.

कारण पप्पांचं सगळं मी केलं होतं. ठेकेदाराने विम्यात त्यांचं नावच घातलं नव्हतं, म्हणून नुकसानभरपाईचा दावा कामगार न्यायालयात लावावा लागला. खोपटला पतपेढीत मी नोकरी करते. तिथून अर्ध्या दिवसाची रजा टाकून वकिलांकडे, तिथून न्यायालयात, तिथून पेन क्लिनिकमध्ये. पेन क्लिनिक म्हणजे जुनाट दुखण्याचा दवाखाना. रिक्षात पप्पांना बसवायचं तर आधी पाय आत, मग कंबर, मग कुबडी, हा क्रमसुद्धा मीच शोधून काढला होता. आणि मला त्याबद्दल काय मिळायचं? "हळू गो बाय, हाडं मोडशील काय." विश्रामसरांना मात्र हसू.

पप्पांना इथे आणलं मेलिसाने. मेलिसा माझ्या भावाची बायको. भाऊ ब्रँडन जहाजावर असतो, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मेलिसाने पप्पांना कधी न्यायालयाची पायरी दाखवली नाही की इंजेक्शनच्या रांगेत उभी राहिली नाही. पण दर मंगळवारी ती विश्रामसरांच्या शेजारी पांढरा दुपट्टा घेऊन वाडगं धरून उभी असायची, आणि पप्पा येईल-जाईल त्याला सांगायचे, "माझी सून नाय ती, पोर हाय माझी." मग मी कोण होते?

आमच्यासारख्या ख्रिस्ती घरात मंत्र-उतारे करणाऱ्या भगताकडे जाणं म्हणजे पाप. उंबऱ्यावर कापलेलं लिंबू दिसलं तर माझी आजी वळसा घालून जायची. पण विश्रामसर भगत नव्हते. इस्त्रीची पँट, खिशाला पेन, रसायनांच्या कंपनीतून निवृत्त झालेले. देवाचं नाव घेत नव्हते, अंगारा देत नव्हते, त्यामुळे चर्चमध्येही कुणाला वावगं वाटलं नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते एक पैसा घेत नव्हते. चहासुद्धा फुकट. तो कोरा का, तर दूध वेदनेला धरून ठेवतं. मी काही बोलायला तोंड उघडलं की मेलिसा म्हणायची, "फुकट करतो तो माणूस. त्याला काय पडलंय खोटं बोलायचं?"

त्या मंगळवारी शेवटी विश्रामसरांनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "मार्सेलभाऊंचा गंज आता संपत आलाय. पुढच्या मंगळवारी नॅपकिन पांढरा निघेल आणि भाऊ कुबडीशिवाय हा हॉल चालून जातील. तोवर डॉक्टरांच्या गोळ्या बंद. गोळी गंजाला चिकटवून ठेवते. कमलेश, कॅमेरा तयार ठेव."

कमलेश म्हणजे खुर्च्या लावणारा, कामगारांना टेम्पोतून आणणारा आणि बरे झालेल्यांचे अनुभव मोबाइलवर टिपणारा हसतमुख माणूस. त्याने अंगठा वर करून दाखवला.

मी रिक्षात पप्पांना म्हटलं, "गोळ्या बंद करू नकोस. नसांच्या गोळ्या आहेत, एकदम सोडायच्या नसतात."

"तू गप. मना बरा वाटतंय."

"आणि पुढच्या गुरुवारी मेडिकल बोर्ड आहे, ते लक्षात आहे ना?"

डॉक्टरांचं ते मंडळ पप्पांना तपासून कायमचं अपंगत्व किती ते ठरवणार होतं. त्यावर भरपाई ठरणार होती आणि भरपाईवर पुढचे सगळे उपचार. माझ्या पगारात ते आता निघत नव्हते.

"बरा झालो तर बोर्ड कशाला?" पप्पा म्हणाले आणि बाहेर बघत बसले. मेलिसा हसली. मला ते हसणं अजून आठवतं.

दोन दिवसांनी आमच्या वकील प्रमोदिनीताई यांच्याकडे कागद द्यायला गेले. खोपटच्या एसटी डेपोसमोर त्यांचं ऑफिस आहे. कागद घेता घेता त्यांनी विचारलं, "ॲनेट, तुझे वडील मंगळवारी बाळकुमला जातात का?"

मी चमकले. "तुम्हाला कसं माहीत?"

"माझा आणखी एक अशील जायचा, धाकू नावाचा. पायावर मोल्ड, म्हणजे कारखान्यातला जड साचा, पडला होता. दावा अगदी व्यवस्थित चालला होता. मग एक दिवस समोरच्या वकिलाने मोबाइल पुढे केला. धाकू एका हॉलमध्ये कुबडीशिवाय चालतोय, लोक टाळ्या वाजवतायत आणि तो कॅमेऱ्यात सांगतोय की मी पूर्ण बरा झालो, मला काही त्रास नाही. आता तो आधाराशिवाय खुर्चीतून उठू शकत नाही, पण ते कोण ऐकणार?"

"व्हिडिओ कमलेश काढतो," मी म्हटलं.

"हो. आणि कमलेश कुणाचा माणूस, ते ठाऊक आहे का तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"धाकूच्या ठेकेदाराचा सुपरवायझर. तुझ्या वडिलांचा ठेकेदारही तोच."

मी डेपोसमोर बराच वेळ उभी राहिले. फुकट का, याचं उत्तर मिळालं होतं. विश्रामसर रोग्यांकडून पैसे घेत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होता. आणि लाज वाटली तरी सांगते, मला आनंद झाला. बापाला वाचवता येईल याचा झाला असेल, पण त्याच्या आधी दुसरा झाला. आता मी दाखवते तुम्हाला, असा.

घरी जाऊन मी सगळं सांगितलं. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कमलेश कोणाचा का असंना. माझ्या पाठीतून काळा निघतंय ते मी डोल्यांनी बघतंय ना?"

इथे येऊन माझं घोडं अडलं. काळं निघत होतं ते मीही बघितलं होतं. ठेकेदार लबाड आहे एवढ्यावरून नॅपकिन पांढरा होत नव्हता.

विश्रामसरांनी घरी लावायला एक बाटली काढा आणि एक बाटली 'साधं पाणी' दिलं होतं. मेलिसा रोज सकाळी पप्पांची पाठ पुसायची आणि थोडं थोडं काळं निघायचं. त्या रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपून आलो. पप्पा कोरा चहा घेत होते, कारण आता आमच्या घरातलं दूधसुद्धा बंद झालं होतं. पाठीत कळ आली असावी, त्यांचा हात हलला आणि कप टेबलावर कलंडला. मेलिसाच्या हातात पाठ पुसायचा ओला नॅपकिन होता, तिने त्यानेच टेबल पुसलं.

नॅपकिन काळा झाला.

"बघ," मेलिसा म्हणाली, "आता टेबलातून पण निघायला लागलं."

ती हे गंमतीने म्हणाली की मनापासून, मला आजही माहीत नाही. मी मात्र उठले. दुसऱ्या कपात कोरा चहा ओतला आणि सरांच्या बाटलीतलं पाणी चमचाभर त्यात घातलं. चहाची शाई झाली.

आम्ही दोघी त्या कपाकडे बघत राहिलो. आणि मग माझं लक्ष मेलिसाच्या केसांकडे गेलं. काळेभोर, लालसर झाक असलेले केस. त्यांचाही मला हेवा वाटायचा, तो वेगळा.

"मेलिसा, तू केसांना मेंदी कशात भिजवतेस?"

"कढईत."

"कुठल्या?"

"लोखंडी. नाहीतर रंग कसा चढणार?" ती थांबली. तिचा हात आपोआप केसांकडे गेला. "चहाच्या पाण्यात," ती हळूच म्हणाली.

एवढंच होतं ते. चहा, आवळा, हिरडा, जे जे तुरट, ते लोखंडाला भेटलं की काळं पडतं. आवळ्याची भाजी लोखंडी कढईत टाकलेल्या कुठल्याही बाईला विचारा. पाठीला लावायचा काढा हिरड्याचा होता, हे नंतर कळलं. बाटलीतलं पाणी साधं नव्हतं, त्यात हिराकस विरघळवला होता. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार, पाण्यात घातला की फारसा दिसत नाही. दोन्ही पाठीवर भेटायचे आणि गंज निघायचा. हिराकस जास्त घातला की जुनाट दुखणं, कमी घातला की बरं होत आलेलं, आणि शेवटच्या मंगळवारी नुसतं नळाचं पाणी.

मी फडताळातून लिंबू काढलं आणि त्या काळ्या चहात पिळलं. काळेपण विरत गेलं आणि चहा परत चहा झाला.

"आता तरी मंगळवारी जाऊ नका म्हणून सांग त्यांना," मी मेलिसाला म्हटलं.

तिने काळा नॅपकिन घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पण ते हसतात ना ॲनेट आता. झोपतात जरा. तुला ते बघवत नाही. त्यांनी तुझं सोडून दुसऱ्या कोणाचं ऐकलं, हे तुला सहन होत नाही, बस एवढंच आहे."

हे खरं होतं, म्हणून फार लागलं. मी म्हटलं, "असेल. मी जळते, म्हणून चहा काळा झाला का?"

ती कप उचलून आत निघून गेली. पप्पा आम्हा दोघींकडे पाठ करून बसले होते आणि त्यांनी काहीच बघितलं नव्हतं, किंवा त्यांना बघायचं नव्हतं. मी सांगायला गेले तर म्हणाले, "मंगळवारी मी जाणार. तुना यायचा तर ये."

मंगळवारी गर्दी दुप्पट होती. पप्पा कुबडीशिवाय चालणार, ही बातमी कमलेशने कोलशेतपर्यंत पोचवली होती. गोळ्या बंद केल्यामुळे गेल्या दोन रात्री पप्पांची झोप पुन्हा उडाली होती, पण डोळ्यांत नुसती आस होती. ते स्टुलावर बसले. मेलिसा नेहमीसारखी वाडगं धरून उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी हातात कोऱ्या चहाचा कप आणि पर्समध्ये एक लिंबू घेऊन पुढे जाऊन उभी राहिले.

विश्रामसरांनी शेजारच्या एका नव्या कामगाराला आधी घेतलं, म्हणजे काळा आणि पांढरा असा फरक लोकांना दिसावा. पप्पांसाठीचं दुसरं वाडगं बाजूला झाकून ठेवलं होतं. काढा चोळला, नॅपकिन फिरवला, काळा निघाला, टाळ्या पडल्या.

"सर, वाडग्यात काय आहे?" मी विचारलं.

"पाणी, ताई. साधं पाणी."

"नळाचं?"

"नळाचंच. निसर्गाने दिलेलं."

"मग माझ्या चहात थोडं घाला. कडक झालाय."

लोक हसले. विश्रामसरही हसले. "ताई, हे उपचाराचं पाणी. त्याचा अपमान नको."

"साध्या पाण्याचा कसला अपमान?"

त्यांनी कमलेशकडे बघितलं. कमलेश मोबाइल खाली करत पुढे आला आणि मला म्हणाला, "मॅडम, नंतर बोलू ना आपण, साइडला या." त्याने माझ्या कोपराला हात घातला. आता इथून मला बाहेर काढणार आणि पप्पा चालून दाखवणार, हे मला स्वच्छ दिसलं.

तेवढ्यात माझ्या कपात पाणी पडलं. मेलिसाने वाडगं तिरकं केलं होतं. तिने विश्रामसरांना विचारलं नाही आणि माझ्याकडेही बघितलं नाही.

चहा काळा झाला. मी कप उंच धरला आणि पहिल्या रांगेतून फिरवला. वेल्डरने तो नाकाशी नेला.

"विश्रामसर," मी म्हटलं, "या चहाची कंबर कुठल्या कारखान्यात मोडली होती?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग एका बाईचा आवाज आला. "अगं बया, ही तर मेंदी." दुसरी म्हणाली, "आवळा पण असाच होतो." बायकांच्या बाजूला कुजबूज सुरू झाली आणि पुरुष त्यांच्याकडे वळून बघायला लागले. मी पर्समधून लिंबू काढलं. पहिल्या रांगेतल्या एक काकू लिंबू बघून घाईघाईने पाय वर घेऊन बसल्या. "घाबरू नका, काकू, हे सरबताचं आहे," मी म्हटलं आणि काळ्या नॅपकिनवर ते पिळलं. जिथे रस पडला तिथे काळा रंग फिटून पिवळट डाग राहिला.

"जन्मभराचा गंज लिंबाने गेला," वेल्डर म्हणाला. "मग सर, तुम्ही कशाला पाहिजे?"

विश्रामसरांनी रुमालाने कपाळ पुसलं. "हे बघा, प्रत्येक गोष्ट सायन्सने सांगता येत नाही."

"गेल्या मंगळवारपर्यंत तर सायन्सच होतं," मागून कुणीतरी म्हणालं.

मग दारापाशी खुर्चीत बसलेला एक माणूस दोन्ही हातांनी रेटा देत उभा राहिला. तो धाकू होता. मी त्याला प्रमोदिनीताईंकडून निरोप दिला होता, पण तो येईल असं वाटलं नव्हतं. "माझा पण नॅपकिन पांढरा निघाला होता," तो म्हणाला. "मी इथून तिथे चाललेलो. घरी जाऊन पडलो तो पडलोच. आणि ते चाललेलं ठेकेदाराच्या वकिलाने कोर्टात दाखवलं. कमलेश, ठेकेदाराने किती दिले रे तुला? आणि सरांना किती?"

कमलेशने मोबाइल खिशात टाकला आणि टेम्पो काढायला म्हणून जो गेला तो परत आला नाही. टेम्पोतून आलेल्यांना त्या दिवशी रिक्षा कराव्या लागल्या.

मी जिंकले होते. मी पप्पांकडे वळले.

ते अजून स्टुलावरच होते, उघड्या पाठीने. त्यांच्या पाठीला काढा लागलाच नव्हता. त्यांनी विश्रामसरांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. ते मेलिसाला म्हणाले, "माझी कुबडी दे." ती आणायला मीच धावले आणि माझ्या हातातून त्यांनी ती घेतली, पण उठताना आधार मेलिसाचा घेतला.

घरी त्यांची पाठ परत आली. म्हणजे दुखणं सगळं जसंच्या तसं, वर गोळ्या सोडल्याचा त्रास. चहासुद्धा घेतला नाही. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "त्यानं मना खोटा तर खोटा, काय तरी दिला. तू काय दिलंस? होता ते काढून नेलंस."

हसू त्याने दिलं होतं आणि ते मी पुसलं होतं. त्या दोन दिवसांत मला विश्रामसरांचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्यांच्या भर दरबारातही वाटला नव्हता.

बुधवारी पेन क्लिनिकच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या कशा परत हळूहळू सुरू करायच्या ते समजावलं. मग पप्पांना म्हणाल्या, "तुमच्या मणक्यातले स्क्रू टायटॅनियमचे आहेत. ते गंजत नाहीत. दुखतं ते दबलेल्या नसांमुळे. आणि त्या काळात तुम्हाला बरं वाटलं ते खोटं नव्हतं. कुणी पाठीला हात लावला, ऐकून घेतलं, आशा दिली की दुखणं थोडं मागे सरतं. ते आम्हीही वापरतो. पण तेवढ्याने नस सुटत नाही. आणि बरे झालात असं सांगून तुमच्याकडून उपचार काढून घेणं, हा गुन्हा आहे."

पप्पांनी ऐकलं.

गुरुवारी मेडिकल बोर्ड. पप्पा येतील की नाही, याचीच मला खात्री नव्हती. पण सकाळी ते तयार होऊन दारात उभे होते. रिक्षात आधी पाय आत, मग कंबर, मग कुबडी. बोर्डासमोर तीन डॉक्टर होते. मधल्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही बाळकुमला उपचार घेता आणि बरे झालात, असं समोरच्या बाजूने लिहून दिलंय. खरं आहे का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पप्पांनी हात वर करून मला थांबवलं.

"गेलेलो मी," ते म्हणाले. "फसलो. चहानं काला होतंय ते मी माझ्या पाठीचा गंज समजलो. मी लोखंडातला माणूस, मना वाटला मना कोण फसवणार. बरा नाय झालो, साहेब. हितून दुखतंय, हितपर्यंत. बसलो तर जास्ती, खोकलो तर जास्ती. डावा पाय माझा हाय असा वाटत नाय."

आमच्या घरात इतकं सविस्तर ते कधीच बोलले नव्हते. मीही कधी बसून ऐकलं नव्हतं, मी गोळी दिली का, कागद घेतले का, हेच बघायचे. तपासणी झाली, दाखला मिळाला आणि दावा उभा राहिला. न्यायालयाच्या तारखा अजून चालू आहेत. धाकूच्या दाव्यातही प्रमोदिनीताईंनी अपील केलंय. पोलिसांत आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांकडे आम्ही सगळ्यांनी मिळून तक्रार दिली. क्लबहाउसमध्ये आता मंगळवारी योगासनांचा वर्ग असतो. चहा दुधाचा मिळतो.

क्लिनिकच्या फिजिओथेरपिस्टने मला आणि मेलिसाला पाठीला हलकं मालिश कसं करायचं ते शिकवलं. एक दिवस ती, एक दिवस मी. परवा माझा दिवस होता. मी विचारलं, "पप्पा, आज कुठे जास्त आहे?" त्यांनी जागा दाखवली. मी हात ठेवला. ते म्हणाले, "विश्रामचा हात मात्र हलका होता गो. तुझा जड."

मी जळले. अजून जळते. पण हात काढला नाही, आणि त्यांनीही काढ म्हटलं नाही.

म्हणून ज्यांच्या घरात दुखणारं माणूस आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणी फुकट बरं करतो म्हणाला तर त्याचा खर्च कोण करतंय ते विचारा. डॉक्टरांच्या गोळ्या सोड म्हणाला तर तिथून उठा. पाण्यातून, लिंबातून, पाठीतून काही निघालेलं दाखवलं तर तेच पाणी घरी आणून चहात घालून बघा. आणि हे सगळं करायच्या आधी त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून, कुठे दुखतं, ते आपणच विचारा. नाहीतर ते विचारणारा कुणीतरी विश्रामसर मंगळवारी वाट बघत बसलेला असतो.